फिट कधीच नाही, ईईजी मात्र ‘अॅबनॉर्मल’: औषध चालू ठेवायचं की थांबवायचं?

मुलगा आठ वर्षांचा, वजन २४ किलो, अमळनेर तालुक्यातल्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत. तक्रार शाळेकडून आली. वर्गात शून्यात बघत बसतो, हाक मारली तर ओ देत नाही, वाचनात मागे पडला आहे. त्यावरून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढला गेला. अहवालाच्या शेवटी ठळक अक्षरांत दोन ओळी होत्या: ‘अॅबनॉर्मल ईईजी, सजेस्टिव्ह ऑफ सीझर डिसऑर्डर. क्लिनिकल कोरिलेशन अॅडव्हाइज्ड.’ पहिल्या ओळीवर औषध सुरू झालं, ‘लक्षणांशी ताडून बघा’ म्हणणारी दुसरी ओळ कोणी वाचली नाही. व्हॅल्प्रोएट या फिटविरोधी औषधाचं सिरप सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिली, तीन वर्षं, एकही डोस चुकवायचा नाही. दोन महिन्यांनी आईवडील फाइल घेऊन दुसऱ्या मतासाठी आले, कारण मुलगा वर्गात आता झोपायलाच लागला होता, दीड किलो वजन वाढलं होतं आणि आजवर त्याला एकदाही फिट आली नव्हती.

हे एका विशिष्ट मुलाचं प्रकरण नाही. खानदेशातल्या ओपीडीत वरचेवर दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते बांधलं आहे. निकष, मात्रा आणि अभ्यासांचे आकडे मात्र खरे आहेत.

फिट नव्हती, हे कशावरून?

‘फिट आली नाही’ हे वाक्य ऐकून पुढे जाता येत नाही. बहुतेक घरांत फिट म्हणजे हातपाय झाडणं, तोंडाला फेस येणं. त्याखेरीज जे काही होतं ते सांगण्यासारखं कोणाला वाटत नाही. म्हणून विचारपूस नेमकी हवी, आणि मूल रात्री ज्याच्या शेजारी झोपतं त्याला विचारायला हवं. इथे तो माणूस म्हणजे आजी. उन्हाळ्यात सगळं घर धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपतं आणि नातू तिच्या कुशीत.

आजीला विचारलेल्या गोष्टी अशा: झोप लागल्यावर तासाभरात किंवा पहाटे उठण्याआधी तोंडाची एक बाजू ओढली जाते का, गालाला झटके येतात का, घशातून घरघर येते का, लाळ गळते का? जागा आहे, बघतो आहे, पण बोलता येत नाही असं कधी झालं का? अंथरूण ओलं होणं नव्याने सुरू झालं का? सकाळी जिभेला चावा, उशीवर रक्ताचा डाग? आजीचं उत्तर सरळ होतं: “रातले घोरस, पन तोंड वाकडं व्हस नही.” या उत्तरातला पहिला अर्धा भाग पुढे कामाला येणार होता.

मग ‘शून्यात बघणं’. अॅबसेन्स प्रकारची फिट अचानक सुरू होते, साधारण पाच ते पंधरा सेकंद टिकते आणि तितक्याच अचानक संपते. मूल वाक्याच्या मधेच थांबतं, पापण्या फडफडतात, मग काही झालंच नाही अशा थाटात पुढचा शब्द बोलतं. उपचार नसतील तर दिवसातून अनेकदा, जेवतानाही आणि खेळतानाही होतं. फक्त गणिताच्या तासाला होणारी अॅबसेन्स क्वचितच खरी निघते. सर्वांत उपयोगी खूण म्हणजे स्पर्श. फिट चालू असताना खांद्याला हात लावला तरी मूल बाहेर येत नाही. हा मुलगा हाकेला वळत नव्हता, पण हात लावला की लगेच वळत होता. शिक्षकांना दोन आठवडे मोबाइलवर छोटे व्हिडिओ काढायला सांगितलं. पाच आले. पाचही वेळा हाक मागून मारलेली होती, आणि शेजारच्या मुलाने कोपर लावताच तो वळला होता.

ओपीडीतच तीन मिनिटं जोरात श्वास घ्यायला लावला. हातात कागदी भिरभिरं दिलं की या वयाची मुलं न कुरकुरता फुंकतात. उपचार न घेतलेल्या अॅबसेन्सच्या दहापैकी नऊ मुलांत एवढ्याने समोर फिट दिसते. इथे तीन मिनिटं पूर्ण झाली, मुलगा हसत होता. तो तेव्हा व्हॅल्प्रोएटवर होता आणि ते औषध अॅबसेन्स दाबतं, म्हणून औषध पूर्ण उतरल्यावर हीच चाचणी पुन्हा केली. तेव्हाही काही नाही.

जाता जाता खानदेशापुरती एक सूचना. भिरभिरं हातात देण्याआधी सिकलसेलची चौकशी करायची. नंदुरबार, धुळे आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी वस्तीत हा आजार बराच आहे. सिकलसेल रोग असलेल्या मुलाला जोरात श्वास घ्यायला लावलं तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसून पक्षाघाताचा धोका असतो. ईईजी लॅबच्या फॉर्मवर हा प्रश्न बहुधा नसतो, त्यामुळे तंत्रज्ञाला तो तोंडी सांगावा लागतो.

जुना ईईजी पुन्हा वाचताना

फाइलमध्ये छापलेली सहा पानं होती. त्यांवर निर्णय होत नाही, कारण ती पानं कोणीतरी ‘बिघाड दिसतो’ म्हणून निवडलेली असतात. पूर्ण डिजिटल नोंद पेनड्राइव्हवर मागावी, लॅब देते. पूर्ण नोंद २२ मिनिटांची निघाली आणि तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या होत्या.

पहिली खरी होती. डाव्या बाजूला सी३ आणि टी३ इलेक्ट्रोडवर टोकदार लहरी, मागोमाग एक संथ लहर, आणि त्याच क्षणी कपाळाकडच्या इलेक्ट्रोडवर उलट दिशेचा धन भार. हा आडवा द्विध्रुव सेंट्रोटेम्पोरल स्पाइकची, म्हणजे मेंदूच्या मधल्या आणि कानशिलाकडच्या भागातल्या टोकदार लहरींची, ठळक ओळख आहे. त्यांनाच जुन्या नावाने रोलँडिक स्पाइक म्हणतात. जागेपणी मिनिटाला चार-पाच, पेंग आल्यावर त्याहून बरेच जास्त. बाकीची पार्श्वभूमी वयाला साजेशी: डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या बाजूला ९ हर्ट्झची लय, दोन्हीकडे सारखी.

दुसरी गोष्ट चुकीची वाचली गेली होती. जोरात श्वास घेताना दोन्ही बाजूंना मोठ्या संथ लहरींची रांग आली आणि तिला ‘जनरलाइज्ड’, म्हणजे सगळ्या मेंदूत पसरलेला बिघाड, म्हटलं गेलं. मुलांमध्ये हा प्रतिसाद सामान्य आहे. त्या लहरींत एकही स्पाइक नव्हता आणि श्वास थांबवल्यावर अर्ध्या मिनिटात लय पूर्ववत झाली. हा प्रतिसाद इतका जोरकस का आला, तेही आईच्या बोलण्यातून कळलं. ‘तपासणी आहे’ म्हणून मुलाला उपाशीपोटी आणलं होतं. रक्तातली साखर खाली असली की हा प्रतिसाद फुगतो. रक्ततपासणीचा नियम ईईजीला लावण्याची ही सवय फार पसरलेली आहे. ईईजीच्या आधी मुलाला पोटभर जेवू घालायचं. (लहरी श्वास थांबल्यावर ओसरल्या आणि काही वेळाने पुन्हा उफाळल्या, तर मात्र मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होण्याचा मोयामोया आजार शोधायला हवा. इथे तसं नव्हतं.)

‘जनरलाइज्ड’ या एका शब्दामुळे व्हॅल्प्रोएट निवडलं गेलं असावं. फोकल, म्हणजे एका जागेपुरतं, म्हणून वाचलं असतं तर कदाचित कार्बामाझेपिन मिळालं असतं, आणि ते या मुलाला जास्त अडचणीचं ठरलं असतं. रोलँडिक स्पाइक असलेल्या काही मुलांत कार्बामाझेपिन झोपेतले स्पाइक वाढवतं.

एमआरआय केला नाही. द्विध्रुव नमुनेदार, पार्श्वभूमी स्वच्छ, तपासणीत हात-पाय-चेहरा दोन्हीकडे सारखे, वाढीचे टप्पे वेळेवर; अशा मुलात एमआरआयने निर्णय बदलत नाही. आपल्याकडे न्यूरोसिस्टिसर्कोसिस आणि ट्यूबरक्युलोमा (मेंदूतल्या फीतकृमीच्या आणि क्षयाच्या गाठी) जास्त म्हणून ‘एकदा सीटी करूनच टाकू’ असं म्हटलं जातं. पण या गाठी बहुधा फिट घेऊनच येतात, आणि सीटीचा किरणोत्सर्ग फुकटचा नसतो. स्पाइकच्या जागी सतत संथपणा दिसला असता, किंवा एका हाताची ताकद कमी वाटली असती, तर एमआरआय त्याच आठवड्यात झाला असता.

मूळ प्रश्न: स्पाइक म्हणजे अपस्मार (एपिलेप्सी) का?

वडिलांनी विचारलं, “साहेब, कागद खराब आला म्हणजे डोक्यात काहीतरी असेलच ना?” ‘काही नाही हो’ म्हणून हा प्रश्न झटकणं चूक. कागदावर जे आहे ते खरं आहे. त्याचा अर्थ काय, एवढाच वाद आहे.

इटलीत १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६ ते १३ वयाच्या ३,७२६ निरोगी शाळकरी मुलांचे ईईजी काढले होते. सुमारे साडेतीन टक्के मुलांत अपस्मारसदृश लहरी सापडल्या. पुढे त्यांतल्या अगदी थोड्यांना फिट आली. रोलँडिक स्पाइकपुरतं बोलायचं तर ते असलेल्या मुलांपैकी दहा टक्क्यांहून कमी मुलांना कधीकाळी फिट येते असं मानलं जातं. चंचल, लक्ष न लागणाऱ्या मुलांत हे स्पाइक सर्वसाधारण मुलांपेक्षा जास्त आढळतात. त्यामुळे ‘अभ्यासात लक्ष नाही, ईईजी काढा’ असं केलं की स्पाइक सापडण्याची शक्यता वाढते आणि ते सापडले की त्यांनाच कारण ठरवलं जातं.

मोठ्यांची गोष्ट याहून स्पष्ट आहे. ब्रिटिश हवाई दलाच्या १३,६५८ निरोगी उमेदवारांचे ईईजी तपासले, त्यांत ६९ जणांत अपस्मारसदृश लहरी निघाल्या. हा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा होऊ शकला त्यांच्यात अपस्मार झालेला माणूस एकच.

आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने, म्हणजे आयएलएईने, २०१४ साली अपस्माराची व्यवहारातली व्याख्या दिली. चोवीस तासांहून अधिक अंतराने दोन अकारण फिट. किंवा एक फिट आणि पुढच्या दहा वर्षांत पुन्हा येण्याचा धोका किमान ६० टक्के. किंवा एखादा ठरलेला अपस्मार सिंड्रोम. पहिल्या दोन्ही वाटांना किमान एक फिट लागते. आधी एक फिट होऊन गेली असेल तर ईईजीतले स्पाइक पारडं फिरवू शकतात, कारण ते पुन्हा फिट येण्याचा धोका वाढवतात. तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर या मुलाला लावता येत नाही.

“मग आधीच औषध दिलं तर पुढची फिट टळेल की,” हा आईचा मुद्दा होता, आणि तो बरोबर वाटणारा आहे. अडचण अशी की ही औषधं फिट दाबतात, अपस्मार होणं थांबवत नाहीत. गंभीर डोकेदुखापतीनंतर फिनायटॉइन दिलेल्या रुग्णांवरचा १९९० सालचा अभ्यास हेच सांगतो: पहिल्या आठवड्यातल्या फिट कमी झाल्या, त्यानंतरच्या नाहीत. रोलँडिक स्पाइक असलेल्या पण फिट न आलेल्या शंभर मुलांना तीन वर्षं औषध दिलं तर नव्वदहून अधिक मुलं विनाकारण घेतील. उरलेल्या दहाहून कमी मुलांना जी फिट यायची ती बहुतेक वेळा झोपेत, थोडा वेळ आणि मोजक्या वेळा येते, आणि वय पंधरा-सोळा होईपर्यंत थांबते. इतकंच काय, अशा मुलाला पहिली फिट आल्यावरही अनेक तज्ज्ञ लगेच औषध सुरू करत नाहीत.

दुसऱ्या बाजूला औषधाची किंमत आहे. या मुलाला ४०० मिलिग्रॅम रोज, म्हणजे किलोमागे सुमारे १७ मिलिग्रॅम मिळत होतं. मात्रा बेताची होती तरी गुंगी, भूक आणि वजन दिसत होतं. प्लेटलेट आणि यकृताच्या तपासण्या करून घेतल्या, त्या ठीक निघाल्या. याच जागी तेरा वर्षांची मुलगी असती तर व्हॅल्प्रोएटबद्दल चर्चाही कडक झाली असती, कारण गर्भावर त्याचे दुष्परिणाम गंभीर आहेत आणि ‘तीन वर्षं’ म्हणून सुरू झालेली गोळी लग्नापर्यंत चालू राहिलेली आपण पाहतो. पर्यायही निर्धोक नाहीत. लेव्हेटिरासिटॅमने काही मुलं चिडखोर होतात, फिनोबार्बिटोनने अभ्यास मागे पडतो आणि काही मुलं उलट जास्त चंचल होतात. अभ्यासाच्या तक्रारीवर अभ्यास बिघडवणारं औषध द्यायचं, तर त्याला फार पक्कं कारण लागतं.

जिथे फिट नसतानाही उपचार करायचे

नियम सरसकट वापरता येत नाही, आणि या मुलाच्या बाबतीत खरी काळजी इथेच होती. मूल हाकेला ओ देत नाही, वाचनात मागे पडतं, आणि झोप येताच स्पाइक वाढतात: या तिन्ही गोष्टी लँडाऊ-क्लेफनर सिंड्रोममध्येही असतात. त्यात आधी नीट बोलणारं मूल बोललेलं समजेनासं होतं. आवाज ऐकू येतो, शब्दाचा अर्थ लागत नाही. फिट काही मुलांत कधीच येत नाही. झोपेतल्या सततच्या स्पाइकमुळे मुलाची झालेली प्रगती मागे जात असेल, तर फिट नसली तरी उपचार करायचे आणि लवकर करायचे.

म्हणून पहिल्याच आठवड्यात कानाची तपासणी केली. प्युअर टोन ऑडिओमेट्रीत उजव्या कानाला ३५ आणि डाव्याला ३० डेसिबलची वहनदोषाची तूट आली, म्हणजे आवाज आतल्या कानापर्यंत पुरेसा पोचत नव्हता. टिंपॅनोमेट्रीत दोन्हीकडे सपाट, बी प्रकारचा आलेख, म्हणजे पडद्यामागे द्रव साठलेला. मानेच्या बाजूने घेतलेल्या एक्स-रेत अॅडेनॉइड (नाकामागच्या गाठी) मोठे. आजी म्हणाली ते घोरणं इथे जुळलं. कानाजवळ मोठ्याने बोललं की मुलगा सगळं समजून उत्तर देत होता, शेतातल्या माकडांची गोष्ट अहिराणीत रंगवून सांगत होता. शब्दाचा अर्थ लागत होता, शब्द कानापर्यंत पुरेसा पोचत नव्हता. लँडाऊ-क्लेफनरची शंका बरीच मावळली, तरी झोपेतला ईईजी झाल्याशिवाय ती पूर्ण सोडायची नाही असं ठरलं.

इतर अपवाद थोडक्यात. ट्यूबरस स्क्लेरोसिस (मेंदूत आणि इतर अवयवांत गाठी होण्याचा जन्मजात आजार) असलेल्या तान्ह्या बाळात फिट येण्याआधीच ईईजी बिघडला तर व्हिगाबॅट्रिन हे फिटविरोधी औषध सुरू करण्याला युरोपातल्या एका चाचणीचा आधार आहे, जरी बौद्धिक फायद्याबद्दल पुढच्या अमेरिकी चाचणीने निराशा केली. तान्ह्या बाळात हिप्सॅरिद्मिया, म्हणजे ईईजीत उंच लहरींचा अस्ताव्यस्त गोंधळ, दिसला तर ‘फिट नाही’ या वाक्यावर विश्वास ठेवायचा नाही. उठल्यावर एकामागोमाग वाकण्याचे झटके असतात आणि घरचे त्याला पोटदुखी समजतात. सलग काही सेकंद चालणारा ३ हर्ट्झचा स्पाइक-वेव्ह दिसला तर त्या क्षणी मुलाला आकडे मोजायला लावायचे. मोजणं अडलं तर ती फिटच आहे. पौगंडातल्या मुलांना सकाळी हातातून कप उडतो का, हे विचारायचं; असे झटकेही फिट असू शकतात. आयसीयूतला बेशुद्ध रुग्ण ही तर पूर्ण वेगळी बाब.

औषध उतरवणं आणि झोपेतला ईईजी

व्हॅल्प्रोएट एकदम बंद करायचं नाही, मुलाला अपस्मार नसला तरी. सिरप पाच मिलीत २०० मिलिग्रॅम होतं. पहिला आठवडा सकाळी अडीच मिली आणि संध्याकाळी पाच, दुसरा आठवडा दोन्ही वेळा अडीच, तिसरा आठवडा फक्त रात्री अडीच, चौथ्या आठवड्यापासून बंद. मोजमाप बाटलीसोबतच्या मापाने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने. घरातल्या चमच्यांचं माप एकसारखं नसतं. तक्ता छापून दिला, कारण औषध देणारा रोज एकच माणूस नसतो.

बंद झाल्यावर दोन आठवड्यांनी झोपेतला ईईजी. खानदेशात हा ईईजी फसण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे प्रवास. आदल्या रात्री मुलाला अकरा-बारापर्यंत जागवायचं, पहाटे चारला उठवायचं, आणि मग धुळे किंवा जळगावच्या एसटीत मूल गाढ झोपतं. लॅबमध्ये पोचल्यावर ते टक्क जागं. दोन मोठी माणसं बरोबर पाठवायची, एकाचं काम फक्त त्याला जागं ठेवायचं. शक्य असेल तर वेळ दुपारी जेवणानंतरची घ्यायची. डोकं आदल्या दिवशी शाम्पूने धुवायचं आणि तेल लावायचं नाही. तेलकट टाळूवर इलेक्ट्रोडचा अवरोध ५ किलोओहमच्या खाली येत नाही आणि सगळी नोंद गढूळ होते. मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीत घामामुळे लांबलचक संथ लाटा येतात आणि नवखा वाचक त्यांना संथपणा म्हणतो. वीज जाऊन इन्व्हर्टर चालू झाला की ५० हर्ट्झची गुणगुण येते. नॉच फिल्टर लावून ती झाकता येते, पण आधी इलेक्ट्रोडच तपासावा.

नोंद ५२ मिनिटांची झाली, त्यात गाढ होत जाणारी झोप २४ मिनिटं. मोजणी हाताने करता येते: झोपेचे एकूण सेकंद घ्यायचे, त्यांपैकी किती सेकंदांत किमान एक स्पाइक-वेव्ह आहे ते मोजायचं. १,४४० पैकी ४०३, म्हणजे २८ टक्के. ५० टक्क्यांच्या पुढे गेलं की काळजी सुरू होते, ८५ टक्के हा जुना कडक निकष. चाळीसच्या आसपास आला असता तर दिवसाच्या छोट्या झोपेवर विसंबलो नसतो, रात्रभराची नोंद केली असती. ‘झोपेत खूपच वाढले’ असं शब्दांत लिहिलेल्या अहवालाचा इथे उपयोग नसतो, टक्केवारी मागावी.

निर्णय: फिटविरोधी औषध नाही.

कागदावर काय लिहायचं

हा भाग डॉक्टर घाईत उरकतात आणि घराला तो सर्वांत जास्त छळतो. निदानाच्या जागी लिहिलं: ‘ईईजीत डाव्या बाजूचे सेंट्रोटेम्पोरल स्पाइक. फिटचा इतिहास नाही. अपस्मार नाही.’ जुन्या फाइलवर ‘सीझर डिसऑर्डर’ होतं, ते दुरुस्त करणारं पत्र वेगळं दिलं. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत किंवा विम्याच्या अर्जात पंधरा वर्षांनी जुना कागद निघतो. लग्नाच्या बोलणीत तर त्याआधीच. हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख १९९९ साली काढून टाकला, गावातल्या लोकांच्या तोंडून तो अजून गेलेला नाही.

शाळेला दिलेल्या चिठ्ठीत ईईजीचा उल्लेखच केला नाही. तीन वाक्यं होती: मुलाला कमी ऐकू येतं; पहिल्या बाकावर, शिक्षकांच्या समोर बसवा; सूचना देताना आधी त्याचं लक्ष वेधा. विहिरीत, नदीत पोहण्यावर बंदी घातली नाही. बोरी नदीला मोठ्या माणसाशिवाय जायचं नाही, हा नियम गावातल्या सगळ्याच मुलांना आहे.

घरच्यांना मात्र फिट आलीच तर काय करायचं ते एकदा करून दाखवलं. कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, दाबून धरायचं नाही, शक्य तर व्हिडिओ. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. फिट थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलाम स्प्रे दिला नाही. एकही फिट नसलेल्या घरात तो ठेवला की भीतीच जास्त जागते.

पुढे काय झालं

कानातला द्रव तीन महिने वाट बघूनही ओसरला नाही, म्हणून अॅडेनॉइड काढून दोन्ही पडद्यांत ग्रोमेट (बारीक नळ्या) बसवले. दीड महिन्याने दोन्ही कान १५ डेसिबलवर. हाकेला वळतो, घोरणं थांबलं. वाचन मात्र आपोआप सुधारलं नाही, आणि सगळं खापर कानावर फोडणं सोयीचं असलं तरी बरोबर नव्हतं. जोडाक्षरांवर तो अजून अडखळतो.

इथे आईने पुन्हा ईईजी काढायची मागणी केली. तो काढला नाही. ईईजी पुन्हा काढण्याचं कारण मागे जाणं किंवा थिजणं हे आहे, आणि ते मोजता येतं. शिक्षक दर महिन्याला दुसरीच्या पातळीचा एक न वाचलेला उतारा देऊन मिनिटात बरोबर वाचलेले शब्द मोजत होते. सहा महिन्यांत ते १८ वरून ३१ वर गेले होते. हळू, पण चढते. स्पाइक अजून असतीलच, ते काही वर्षं असतात आणि वयात आल्यावर जातात. ‘नॉर्मल’ येईपर्यंत दर सहा महिन्यांनी ईईजी काढत राहिलं तर प्रत्येक वेळी घर नव्याने घाबरतं आणि कोणीतरी नव्याने औषध सुरू करतं. अध्ययन अक्षमतेच्या चाचणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी घेतली.

फाइलच्या पहिल्या पानावर आता तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत, ज्यांतली एकही घडली तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता यायचं: सलग दोन महिने वाचलेले शब्द कमी होणं, नीट बोलणाऱ्या मुलाचं बोलणं तुटक किंवा अस्पष्ट होणं वा लाळ गळू लागणं, आणि झोपेतून उठून तोंड वाकडं होणं. पहिल्या दोन्हींसाठी आठवड्याच्या आत झोपेतला ईईजी. तिसऱ्यासाठी आधी आजीचं म्हणणं आणि व्हिडिओ. औषधाचा विचार फिट एकच होती की पुन्हा आली, दिवसा आली की रात्री, आणि किती वेळ चालली, हे पाहून.